झाकणाखालचं विमान

भिंत रंगवून झाली की तो समोरच्याचा दंड धरून त्याला रस्त्यापलीकडे न्यायचा. एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "जवळून काय बघता शेठ, हितून बघा." मग आपल्यालाही एक डोळा मिटावा लागायचा. त्याशिवाय तो दंड सोडत नसे.

असा एखादा पेंटर तुमच्याही गावात असेल. आमचा डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. कळमनुरीत माझं रंगाचं दुकान. तो आणि तांड्यावरची आणखी सहा पोरं माल माझ्याकडूनच न्यायची. मोबाइल सगळ्यांकडे होते, पण कंपनीची किंवा दुकानाची कोणतीही खबर पोरांना त्याच्याच तोंडून लागायची. तो म्हणेल ते खरं. स्वतःबद्दल त्याचंही मत फार चांगलं होतं. लग्नाघरी जेवायला गेला तरी आधी भिंतीवरून हात फिरवायचा आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारायचा, "कोणाचं काम हाय हे?" काम बहुतेक वेळा त्याचंच असायचं.

रंगाच्या बादलीच्या झाकणाखाली एक कोड असतो. पेंटरनं तो मोबाइलवर स्कॅन केला की त्याच्या नावावर पॉइंट जमतात. पॉइंटांवर छत्री मिळते, पिशवी मिळते, फार तर इस्त्री. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर सगळ्या पेंटर लोकांना कंपनीचा मेसेज आला: दहा बादल्यांवर जोडीनं विमानानं गोवा.

छत्री देणारी कंपनी एकदम विमान कशी देईल? त्यालाही हाच प्रश्न पडला असावा, कारण तो थेट दुकानात आला.

"शेठ, खरं हाय का हे?"

"कंपनीचा मेसेज आहे. खोटा कसा असेल?" मी म्हणालो. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा फोन आला. ती योजना आम्हा दुकानदारांसाठी होती, आणि दहा नव्हे, कितीतरी जास्त बादल्यांवरची. चुकून पेंटर लोकांना गेली. त्यांना तेवढं सांगून टाका, फोनवरचा माणूस म्हणाला. मी हो म्हणालो, आणि सांगितलं नाही. गोदाम भरलेलं होतं, आणि त्याच संध्याकाळी पेंटर पोरांना घेऊन दुकानात उभा राहिला. हातात कामं नसताना त्यांनी बादल्या उचलल्या. मी उचलू दिल्या.

पुढे एकदा तो विचारायला आला, विमानात भाकर नेऊ देतात का. बायकोनं विचारलं होतं. मी म्हणालो, भाकर नेऊ देतील, ठेच्याचं काही सांगता येत नाही. तो हसतच गेला. हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं नांदेडहून कंपनीचे साहेब आले. पोरं दुकानात जमली. साहेब माणूस वाईट नव्हता. चूक आमचीच, म्हणाला, पण चुकून निघालेला शब्द पाळत बसलो तर धंदा कसा करायचा?

पेंटर उठला.

"साहेब, म्या एकदा भलत्याच घराची भिंत रंगवली. मालक तिसरं घर म्हणला, म्या मोजलं उलटीकडून. सगळा दिस गेला. चूक बराबर माझी व्हती. मंग काय रंग खरवडून घरी आणला का म्या?"

पोरं हसली. साहेबही हसला. "आणि ज्याची भिंत, तो काय करत होता?"

"बाजंवर बसून मला चहा पाजून राहिला व्हता."

"म्हणजे त्याला कळत होतं."

"असंल. त्याचं तो जाणे. भिंत तर म्या रंगवली ना."

साहेबानं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, चूक कळायच्या आधी ज्यांनी माल उचलला, त्यांच्या विमानासाठी मी वर भांडतो. कळूनही उचलला असेल तर मात्र नाही. एवढं बोलून तो माझ्याकडे वळला. "तुम्ही यांना कधी सांगितलं?"

खरं बोललो असतो तर त्यांचं विमान झालं असतं आणि माझी कंपनीची एजन्सी गेली असती.

"फोन आला त्याच दिवशी," मी म्हणालो. "पेंटरला सांगितलं होतं."

पेंटर माझ्याकडे बघत राहिला. आता बोलेल, मग बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो पोरांकडे वळून फक्त "चला रे" म्हणाला.

का बोलला नाही? मी पुष्कळदा विचार करतो. माझी कीव आली असेल? की शेठच्या शब्दापुढे आपला शब्द साहेब धरणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक होतं?

पोरांनी मात्र मनात धरलं, की यानं आपल्यापासून लपवलं. त्यानं प्रत्येकाच्या दारातून उरलेल्या बादल्या स्वतः उचलून आणल्या आणि पुढे आपल्याच कामांवर संपवल्या. तरी पोरं तुटलीच. तो एकटा काम करू लागला. दुकानात यायचा, शेठच म्हणायचा, पण मला रस्त्यापलीकडे पुन्हा कधी नेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो वारला. काही दिवसांनी मी तांड्यावर गेलो. त्याची बायको दारात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. ठेच्याचंही.

तिनं सूप खाली ठेवलं. "फोन कवा आला व्हता म्हणले?"

"मेसेजच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी."

"मंग एक दिस तर ते विमान खरंच व्हतं," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पण हे मला काहून सांगून राहिले तुमी? म्या त्याईला कवा खोटं समजलेच न्हाई."

तिनं सूप भिंतीला टेकवलं, पायात चप्पल घातली आणि पुढे निघाली. मी मागे. चार घरं सोडून, त्या सहा पोरांपैकी एकाच्या दाराशी ती थांबली आणि बाहेरूनच तिनं हाक मारली.

"बाहेर ये रे. शेठ तुला काही सांगायला आले हायेत."