बाबांनी भरलेला फॉर्म

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मी अठरा वर्षांची असताना इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्याच रस्त्यावर एक गाडीवाला आईला साडीवरून घाणेरडं बोलला आणि मी लाथ मारून त्याच्या गाडीचा आरसा उडवला. पोलिसांनी ठाण्यात नेऊन कॉशन दिली, म्हणजे कोर्टकचेरी न करता लेखी ताकीद. नोंद मात्र झाली. त्याआधी एकदा बिनदिव्याच्या सायकलीबद्दल दंड झाला होता. इतकीच माझी गुन्हेगारी, आणि आरशाचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही.

दोन वर्षांनी मला ब्रिटिश सैन्यात, सिग्नल्समध्ये म्हणजे संदेशवहनाच्या दलात जायचं होतं. दुसरं काही करायचं मनातही येत नव्हतं. आईनं अबोला धरला. सॉफ्टवेअरमधल्या माझ्या शांत पुणेरी बाबांनी आठवडाभर विचार केला आणि म्हणाले, "आण तो फॉर्म इकडे."

आमच्या घरात फॉर्म बाबाच भरत. शाळेचा, पासपोर्टचा, अगदी लायब्ररीचासुद्धा. आधी झेरॉक्सवर सराव, मग काळ्या पेनानं सुबक कॅपिटल अक्षरं. सहीच्या जागी ते पेन्सिलनं फुली करून ठेवत आणि आम्ही तिथं सही करायची. याही वेळी मी ती केली, न वाचता.

भरती कार्यालयातल्या टकल्या सार्जंटनं तो फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "ताकीद मिळाली आहे का, याला तू 'नाही' लिहिलंयस. पोलिसांच्या कागदात 'हो' आहे."

मी फॉर्म जवळ ओढला; बाबांच्या सुबक अक्षरांत तिथं 'नो' होतं.

"आरशासाठी मी वरून सूट मागितली असती," तो म्हणाला. "किरकोळ गुन्ह्यांना ती मिळते. खोटं लिहिणाऱ्यासाठी मी कशी मागू? सही तुझीच ना?"

"माझीच." बाबांचं नाव मी घेतलं नाही. त्यानं पुढच्या आठवड्यात गुरुवारी खुलासा घेऊन यायला सांगितलं.

घरी येऊन मात्र मी भडकलेच. "बाबा, तुम्ही 'नो' का लिहिलंत?"

"अगं, तो मॅटर क्लोज झाला होता. आपण कोर्टात गेलोच नाही. कशाला उगाच हायलाइट करायचं?"

"माझं सिलेक्शन गेलं त्यात!"

गुरुवारी बाबा टाय लावून माझ्याबरोबर आले. हातात प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या अटेस्टेड कॉप्या आणि त्यांच्या पुण्यातल्या जुन्या प्रिन्सिपॉलांकडून मागवलेला, गोल शिक्क्याचा चारित्र्याचा दाखला. प्रिन्सिपॉलांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सात वर्षांची होते. शरमेनं मला कुठं तोंड लपवू असं झालं.

सार्जंटनं दाखला उलटसुलट पाहिला. "हे कशासाठी?"

बाबांनी फाइल मिटली. "फॉर्म मी भरला," ते इंग्रजीत म्हणाले. "ती फक्त मी दाखवलं तिथं सही करते. ताकीद हा शब्द लिहायची मला लाज वाटली. तिला वाटली नसती. चूक माझी आहे."

बाबांनी कुणाकडे चूक कबूल केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. मला रडू आलं आणि त्यांचा इतका अभिमान वाटला की राग कुठल्या कुठे गेला.

सार्जंटनं कोरा फॉर्म दिला. तिथंच बसून मी सगळं लिहिलं: सायकल, आरसा, आरशाचं कारण, आणि न वाचता सही केली ही माझी चूक.

"पुन्हा कुणी असं बोललं तर आरसा फोडशील?" त्यानं विचारलं.

"नाही. पण त्याला सुनवीन नक्की."

तो पहिल्यांदाच हसला आणि शिफारस लिहायला घेतली.

सूट मिळेल याची मला खात्री होती. बाबा मात्र सहा आठवडे रोज दारात पडलेलं टपाल उचलून बघायचे. शेवटी मंजुरीचं पत्र आलं. सोबत आणखी एक फॉर्म होता, जवळच्या नातेवाइकाची माहिती देण्याचा. सवयीनं बाबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पेन माझ्यासमोर ठेवून चहा टाकायला आत गेले.

मी त्यांचंच नाव लिहिलं, त्यांच्यासारख्याच कॅपिटल अक्षरांत. सही करण्याआधी हाक मारली, "बाबा, एकदा वाचून बघता का?"

"तू वाचलंस ना?" आतून आवाज आला. "मग कर सही."