नारळाविना ओटी

"फोनवर समदं बरं हाय म्हंती. पर दुखलं-खुपलं तर कोण हाय गं तिला तिथं? तू डोळ्यांनी बघून ये. आन् मला खोटं सांगू नगंस."

सुट्टीत सुजाताला भेटायला इस्लामपुरातून निघताना तिच्या आईनं, म्हणजे मावशींनी, असं बजावत लेकीची ओटी माझ्या बॅगेत ठेवली. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड आणि सुका नारळ. सुजाता आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. नवऱ्याला केनियातल्या साखर कारखान्यात नोकरी लागली आणि ती तिकडे गेली. तिची ओवी तीन वर्षांची झाली, तरी आजीनं तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही.

विमानतळावरच माशी शिंकली. "सुका नारळ चालत नाही, मॅडम."

"अहो, ओटीचा आहे!" मी तावातावानं भांडले, पण नारळ गेला तो गेलाच.

केनियात किसुमूला उतरून जीपनं निघाले. तांबडी माती, दोन्ही अंगांना ऊस आणि पुढ्यात उसानं लादलेला ट्रॅक्टर. एवढा समुद्र ओलांडून मी पुन्हा आपल्या इस्लामपूरच्या वाळवा तालुक्यातच उतरले की काय, असं वाटलं.

दारात सुजाता उभी, कडेवर ओवी. "कारिबू (या)!" म्हणून ओवीनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं. जेवायला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि झुणका. भाकरीच्या हिशेबानं मी मोठा घास घेतला आणि असा ठसका लागला की शेजारची अकिन्यी धावत आली. माझ्या पाठीवर थापट्या मारत ती मनापासून हसत होती.

जेवणानंतर मी ओटी काढली आणि नारळाचं सांगितलं. सुजाताचा चेहरा उतरला. "आईनं पाठवलेली पहिली ओटी..." एवढंच म्हणाली आणि रडू लागली. मलाही आवरेना.

अकिन्यीनं सुजाताला काय झालं ते विचारलं आणि ती बाहेर गेली. परतली ती आपल्या झाडाचा भलाथोरला अव्होकाडो घेऊन. तो तिनं खणावर ठेवला, सुजाताला कुंकू लावलं आणि तिची ओढणी पसरून ओटी भरली. कुठं अडली नाही, कुणाला विचारलं नाही. मी बघतच राहिले.

"हिला कसं गं येतं?"

"ओवी पोटात हुती तवा हिनंच भरली की! मी नुसतं सांगत गेले. बाळंतपणात पण रात्रंदिवस हीच हुती. आईला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

परत आल्यावर आधी इस्लामपूर गाठलं. सगळं सांगितलं, अव्होकाडोसकट. मावशींनी मान खाली घातली. लेकीच्या ओटीत नारळ नव्हता, हे त्यांना लागलं असणार, असं वाटून मी कानकोंडी झाले.

त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि खणांची चळत माझ्यापुढं ठेवली.

"त्या अकिन्यीला कंचा रंग आवडतो गं?"

एवढं मात्र मी बघून आले नव्हते.