उजवीकडच्या सीटचा ब्रेक

आधीच सांगते, असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचलेत. ऑफिसात लंचला मोठ्याने वाचायचे मी... पिंपळ, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... आणि म्हणायचे, "अरे यार, यांना कुणीतरी डॉक्टरकडे न्या!" माझा देवावरही फारसा विश्वास नाही, भुताखेतांचं तर सोडाच. त्यामुळे तुम्ही हसलात तर मला बिल्कुल राग येणार नाही. हसून घ्या आणि मग पुढचं वाचा.

मी आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहते. नोकरी माझी, क्वार्टर माझं. खाली झाडाखाली उभी असायची ती गाडी मात्र नवऱ्याची, अविनाशची. जुनी अमेरिकन, दोन दारांची, लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडर. मसल कार म्हणतात म्हणे असल्या गाडीला. दिल्ली सोडून मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाकडून त्याने ती आमच्या लग्नाआधीच घेतली होती, म्हणजे सीनियॉरिटीत ती माझ्या वर. कॉलनीतले लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. मला विचारायचे, "भाभीजी, आप भी चलाती हैं?" कारण मी उजवीकडे बसलेली दिसायचे.

हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावरच आहे. अमेरिकन गाडी, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं तर डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसतच नाही. ते दिसतं उजवीकडे बसलेल्या माणसाला. म्हणून आमची पद्धत ठरून गेली होती. तो विचारायचा, "जाऊ?" मी खिडकीतून डोकावून बघायचे आणि सांगायचे, "जा," नाहीतर "थांब." संसारभर ही ड्यूटी केली मी. सुट्टी नाही, पगार नाही.

आणि ब्रेक... काय सांगू! चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक. पळायला ही गाडी एक नंबर, पण थांबायचं म्हटलं की हिच्या अंगावर काटा. जोरात ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. लागोपाठ मारला की ड्रम तापायचे आणि पेडल नुसतंच खाली जायचं. मी वर्षानुवर्षं त्याच्यापुढे डोकं फोडलं — बाबा रे, चारी चाकांना डिस्क ब्रेक बसवून घे. बसवतात लोक. त्याचं एकच उत्तर, "ओरिजिनल आहे गं ती! विंटेज रॅलीत जजेस मार्क कापतात." इंजिन कितीदा उघडलं त्याने, सीट कव्हरं बदलली, हॉर्नसुद्धा परदेशातून मागवला. ब्रेकला हात लावला नाही.

मग माझा पाय आपोआप दाबला जायचा. समोर काही आलं की मी उजवा पाय खाली रोवायचे. तिथे पेडल नाही, काही नाही, नुसतं कार्पेट. टाचेखाली त्या कार्पेटला खळगा पडला होता. अविनाश तो खळगा पाहुण्यांना दाखवायचा, "हा आमच्या मॅडमचा ब्रेक!" सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. काय करणार?

त्या हिवाळ्यात आम्ही पानिपतला निघालो होतो. तिथे इकडची मराठी मंडळी दरवर्षी जमतात, आम्हीही जायचो. हायवेवर चालवण्यात मजा नाही, म्हणून सोनीपतच्या पुढे त्याने आतला दोन पदरी रस्ता धरला. पुढे भुशाने भरलेली ट्रॉली होती, इकडे असतात तशी रस्ताभर फुगलेली. "जाऊ?" म्हणाला. समोरून बस येत होती. मी म्हटलं, "थांब." तो निघाला. मी ओरडले, "अविनाश, थांब!" आणि जीव खाऊन पाय रोवला. बस त्याला दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्याने ब्रेक मारला, गाडी डावीकडे ओढली गेली, ट्रॉलीच्या मागून रस्त्याखाली उतरली आणि निलगिरीच्या झाडावर गेली. डावी बाजू पूर्ण आत. डावीकडे तो बसला होता.

तो गेला... आणि मला साधं खरचटलंही नाही. हे वाक्य नंतर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते माझं आहे की त्यांचं, आता कळत नाही.

तेराव्याला माझा धाकटा दीर नितीन माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कुणाला तरी सांगत होता, "दादा वहिनींना विचारल्याशिवाय ओव्हरटेक करायचाच नाही. म्हणजे वहिनींनी 'जा' म्हटलं असणार." किती सोपं! मी आत भाजी निवडत होते. मला कुणी विचारलं नाही. साताऱ्याहून सासूबाईंचा रोज फोन यायचा, तो बंद झाला. तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना खरं. कसं सांगू? तुमच्या मुलाने माझं ऐकलं नाही म्हणून तो मेला, हे त्याच्या आईला सांगू? गप्प बसले. गप्प बसले म्हणजे कबूल केलं, असा सगळ्यांनी अर्थ लावला.

गाडी नितीन गुडगावला घेऊन गेला. डावी बाजू ठोकून सरळ केली, रंग दिला, आत नवं कार्पेट टाकलं. आणि पहिलं काम काय केलं असेल? चारी चाकांना डिस्क ब्रेक! कॅलिपर, बूस्टर, सगळं नवीन. मला व्हिडिओ पाठवला वर, "सेफ्टी फर्स्ट, वहिनी." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मेल्या गाडीला ब्रेक मिळाले, आणि ते मागत होते मी.

वर्षश्राद्ध झालं आणि सासूबाईंचा नितीनमार्फत निरोप आला, त्या जागी जाऊन नारळ वाढवा. नितीन म्हणाला, "दादाच्या गाडीतूनच जाऊ. आता काही टेन्शन नाही वहिनी, पाय ठेवला की उभी!" मला त्या सीटवर बसायचं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर त्याचाही एक किस्सा झाला असता. मागून जाधव काका-काकू त्यांच्या गाडीतून आले. काका रिटायर्ड सुभेदार, कँटोन्मेंटमध्ये असल्यापासूनचे अविनाशचे मित्र.

सकाळ होती, स्वच्छ ऊन. धुकं नाही, अमावस्या नाही. ती जागाही अजून बरीच पुढे होती. समोर उसाने भरलेला ट्रॅक्टर. नितीनने विचारलं, "वहिनी, जाऊ?"

तोच प्रश्न... मी डोकावले. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी म्हटलं, "थांबा भाऊजी, टँकर आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. नीट ऐकलं. म्हणाला, "निघतो की आरामात," आणि गाडी उजवीकडे काढली.

मी पाय रोवला.

आणि पायाखाली पेडल होतं. होय, पेडल! सँडलच्या खाली रबरासारखं काहीतरी आलं आणि दबलं, आधी थोडं मऊ, मग घट्ट. गाडी जागच्या जागी उभी राहिली. डावीकडे ओढली नाही, घसरली नाही. इंजिन मात्र बोंबलत होतं, कारण नितीनचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. टँकर हॉर्न मारत माझ्या खिडकीजवळून निघून गेला. मी पाय उचलला... तशी गाडी हिसका देऊन पुढे सुटली. मग नितीनने कसाबसा स्वतःचा ब्रेक मारून ती कडेला घेतली. तो माझ्या पायाकडे बघत होता. तिथे नवं कोरं कार्पेट, बाकी काही नाही.

जाधव काका धावत आले, लाल झाले होते. "नितीन, अक्कल आहे का? ब्रेक मारलास तर मागचा लाइट लागायला नको? मी ठोकलीच असती!"

"लाइट लागतो काका."

"मग बघू दे!"

काका मागे उभे राहिले, नितीनने पेडल दाबलं, लाइट लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. काका म्हणाले, "मग मघाशी काय झालं होतं याला?" नितीनने पुन्हा माझ्या पायाकडे बघितलं. आम्ही जाऊन नारळ वाढवला. येताना मी काकांच्या गाडीत बसले.

मेकॅनिकने सगळं तपासलं. माझ्या बाजूचं कार्पेट उचललं, खाली सरळ पत्रा, एक भोकसुद्धा नाही. मला फोनवर म्हणाला, "मैडम, ब्रेक लगेगा तो बत्ती जलेगी ही. आपको वहम हुआ होगा." अच्छा. मला वहम, आणि जाधव काकांनाही वहम!

नितीन मित्रांमध्ये काय सांगतो माहितीये? "डिस्क ब्रेक म्हणजे चीज आहे यार! टँकर समोर होता, काय थांबली गाडी!" गाडीची वाहवा, ब्रेकची वाहवा. पण मध्ये एकदा त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग अडखळत म्हणाला, "वहिनी... त्या दिवशी दादाला तुम्ही काय म्हणाला होतात?"

वर्ष उलटून गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं! मी म्हटलं, "तुम्हाला मी काय म्हणाले होते?"

"...थांबा."

"मग."

त्याने फोन ठेवला. साताऱ्याला त्याने काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सासूबाईंचा फोन अजून आलेला नाही.

जाधव काकू डोळे पुसत म्हणतात, "अविनाशच आला गं, त्यानेच वाचवलं तुला." काकूंचं मन मोडवत नाही, म्हणून मी मान हलवते. पण जिवंत असताना ज्याने माझं ऐकलं नाही, तो मेल्यावर ऐकायला येईल? छे. तो ब्रेक माझ्या पायाने लागला. कसा, ते मला ठाऊक नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल असंही वाटत नाही. तरी कुणाला सांगता आलं तर एवढंच सांगा — पाय तोच होता, सीट तीच होती, आणि जोर तर अविनाश गेला त्या दिवशी जास्तच लावला होता मी. मग तेव्हा माझ्या पायाखाली नुसतं कार्पेट का होतं?