पांढरं विष, लाल औषध

कुठलीही गोष्ट सांगितली की ओर्सोला ‘कशावरून?’ विचारायची. लग्न होऊन वाल्तेल्लिनाच्या डोंगरखोऱ्यात आली तेव्हा सासूनं तिचं नावच ‘कशावरूनबाई’ ठेवलं.

उन्हाळ्यात सगळं घर गायीबकऱ्या घेऊन वरच्या कुरणावर राहायला जाई. कुरणाच्याही वर, गवत संपून नुसता दगडांचा खच लागतो तिथं, बर्फ हटलं की ओल्या खडीतून जाड पानांचं एक बुटकं फूल उगवायचं. कुठं पांढरं, कुठं लाल. सासू बोर्तोला लाल फुलं वाळवून बरणीत भरायची. कुणाला हुडहुडी भरली की वाईनमध्ये उकळून पाजायची; घाम फुटून ताप उतरतो म्हणे.

“पांढऱ्याला हात लावू नकोस, ते विष. लाल ते औषध.”

“कशावरून, आई?”

“माझ्या सासूनं सांगितलं, यावरून!”

मागच्या उन्हाळ्यात ओर्सोलाच्या छोट्या लेकीला, इर्माला, तो काढा दिला, तर पोरीचे ओठ सोलवटले, पोट धरून रडली. ताप असाच बाहेर पडतो, म्हणाली सासू. ओर्सोलाच्या जिवाला मात्र घोर लागला. पोरीला दर वर्षी थंडी भरायचीच. पुन्हा भरली तर काढा द्यायचा की नाही?

म्हणून यंदा बकऱ्यांमागे वर गेली की ती गुडघे टेकून फुलं न्याहाळायची. पानं दोन्हींची सारखीच. खालच्या कुरणातल्या पिवळ्या बटरकप फुलाचीही जवळजवळ तशीच, आणि त्याला तर विषारी म्हणून गायी तोंड लावत नाहीत. मग तिनं विणकामातली निळी लोकर तोडून काही पांढऱ्या फुलांच्या देठांना बांधली.

“फुलांना मोजे विणतेस का?” नवरा एजिदिओ हसला.

“लग्न लावतेय त्यांचं. तुम्ही अक्षता टाका.”

मध्ये धुकं आलं, ताजं बर्फ पडलं. उघडीप झाल्यावर पाहिलं तर दोरा बांधलेली फुलं कडेनं गुलाबी झालेली. पुढं पार लाल. ओर्सोला तिथंच दगडावर बसली. दोन फुलं नव्हतीच. एकच होतं, आधी पांढरं, मग लाल. रंग बदलला म्हणून विषाचं औषध झालं?

त्याच आठवड्यात इर्मा पावसात भिजून कुडकुडत आली. बोर्तोलानं बरणी काढली.

“आई, हे तेच पांढरं आहे. मी दोरा बांधून पाहिलंय.”

“अगं, रानबकऱ्या मिटक्या मारत खातात ते!”

“त्यांचे ओठ सोलवटत नाहीत. माझ्या लेकीचे सोलवटतात.”

“आणि पोरीला काही झालं तर?”

ओर्सोलानं दूध तापवून मध घातला आणि पोरीला कुशीत घेऊन घोंगडीत बसली. हात सारखा त्या तापल्या कपाळावर जात होता. धारा काढायलाही ती उठली नाही, एजिदिओनं काढल्या.

सकाळी इर्मा मक्याच्या पिठाचा पोलेंटा मागू लागली.

“दूध-मध तर मीही दिलं असतं,” बोर्तोला पातेलं ढवळत म्हणाली. मग मान वर न करता, “लाल झाल्यावर पुढं काय होतं गं त्याचं?”

“अजून पाहिलं नाही, आई.”

बरणी काही बोर्तोलानं टाकू दिली नाही. पण इर्मासाठी ती पुन्हा उघडलीही नाही.