कातारिनोची अर्धी आंघोळ

इसिदोराचा नवरा कातारिनो पावसाळ्यात वारला, आणि नाताळ उलटल्यावर तिच्या स्वप्नात येऊन म्हणाला, पाठ खाजतेय.

तिला नवल वाटलं नाही. हा माणूस जन्मभर होडीवर. सहलीला आलेल्या पाहुण्यांना पोवळी दाखवायला खोल समुद्रात न्यायचा आणि संध्याकाळी परतायचा तो अंगावर मीठ फुललेलं घेऊन. घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणात पत्र्याच्या आडोशाला उभा राहायचा आणि हाक मारायचा, "इसी, पाणी." डोक्याला साबण फासला की त्याला पुढची बादली दिसायची नाही. मग डोळे मिटून, हात हवेत चाचपत उभा. ती मुद्दाम जरा वेळ लावायची. तेवढीच काय ती तिची सत्ता त्याच्यावर.

आमच्या बेलीझ देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आम्हा गारिफुना लोकांत, मेलेला माणूस असा आंघोळ मागायला आला तर ती घालावी लागते. त्याच्याच अंगणात खड्डा खणायचा आणि पोटच्या पोरांनी त्यात पाणी ओतायचं. एक समुद्राचं, एक नदीचं आणि एक कसाव्याच्या कंदाच्या ताज्या किसाचं. बायकोनं फक्त बादली हातात द्यायची. म्हणजे तिथेही इसिदोराचं काम जुनंच.

पोरं दोन आणि दोन्ही दूर. लूसिल न्यूयॉर्कला इस्पितळात, ऑर्विन लॉस एंजेलिसला बस चालवतो. पण इसिदोराला घोर नव्हता. तिच्या आईनं तिला सांगून ठेवलं होतं की मेलेला माणूस ज्याच्याकडून हवं त्याच्याकडे स्वतःच जाऊन मागतो. मधे तोंड घालू नये. आईच्या भुणभुणीला कंटाळून ओतलेलं पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, मातीतच जिरतं. तेव्हा कातारिनो लूसिलकडे जाईल, ऑर्विनकडे जाईल, थोडी वाट बघायची इतकंच.

आणि झालंही तसंच, असं तिला वाटलं. काही दिवसांतच लूसिलचा फोन आला की ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघंही भावंडं पोराबाळांसकट येतोय. इसिदोरानं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कातारिनोच्या फोटोकडे बघून मान हलवली. गेलास वाटतं तिकडे. थंडी वाजली नाही ना?

पण पुढच्या फोनमध्ये आंघोळीचं नाव नाही. लूसिल बोलत होती ती सहलीबद्दल. आधी डोंगरातल्या जंगलात राहायचं, धबधबा बघायचा, जमलं तर जॅग्वारचे ठसे. मग होडीनं बेटावर जायचं आणि पोवळ्यांत पोहायचं. एवढी वर्षं इथे वाढून आम्ही यातलं काही बघितलंच नाही आई, ती म्हणाली. ते खरंच होतं. इसिदोरानं अर्धं आयुष्य पाहुण्यांच्या मुक्कामाच्या स्वयंपाकघरात काढलं. पहाटे उठून जंगलात जाणाऱ्यांचे डबे भरायचे, बेटावर जाणाऱ्यांचे वेगळे. कोण टोपी विसरणार, कोणाला होडीत उलटी होणार, हे ती तोंड बघून सांगायची. दुनियेच्या सहली तिच्या हातून गेल्या. स्वतः ती ना वरच्या धबधब्यापर्यंत गेली होती, ना नवऱ्याच्या पोवळ्यांपर्यंत.

दर फोनला ती विचारायची, "झोप कशी लागते गं तुला?" लूसिल म्हणायची, छान लागते. ऑर्विनला विचारलं तर म्हणाला, ओंडक्यासारखी. मग लूसिलनं भावाला सांगितलं की आईलाच झोप येत नसणार, आणि कुणा येणाऱ्याबरोबर झोपेच्या गोळ्या पाठवून दिल्या.

ईस्टर तोंडावर आला तेव्हा इसिदोरा एवढंच म्हणाली, "शेवटचा एक दिवस घरी ठेव."

"घरी काय करायचं, आई?"

"बसायचं."

"बसायला बेटावर खुर्च्या आहेत. झाडांना टांगलेल्या झोळ्यासुद्धा आहेत."

"माझ्या अंगणात बसायचं."

लूसिल हसली आणि ठेवला बरं तुझा एक दिवस, म्हणाली. पण मग तिनं आपलं खरं गुपित फोडलं. आईला मागे ठेवून कोण जाणार होतं? आईसुद्धा सहलीला येणार. खोली घेतली होती, होडीत जागा धरली होती. तुला एकाही भांड्याला हात लावू द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय, लूसिल म्हणाली आणि रडायलाच लागली. आता लेक रडत असताना तिला काय म्हणणार? मला घरी राहून कंद किसायचे आहेत? इसिदोरानं हिशेब बसवला. शेवटच्या दिवशी सकाळी कंद उपटायचे, सुनेला आणि लेकीला किसायला बसवायचं, वेताच्या लांब पिशवीत भरून पिळायचं, दुपारपर्यंत पाणी तयार. तोवर कातारिनोही कुणाच्या तरी स्वप्नात पोचेल. पुतण्याला सांगून तिनं खड्डा खणून घेतला आणि वर पत्रा झाकला.

जंगलातल्या मुक्कामी ताट उचलायला ती तीनदा उठली आणि तीनदा तिला खाली बसवलं. डाळीत मीठ कमी होतं, तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. नदीवर सगळे पोहत असताना तिनं बाटली भरून घेतली. नातवंडांना वाटलं, आजीला नदी आवडली. बेटावर गेल्यावर तिनं दुसरी बाटली समुद्राची भरली. "आई, परत जाऊन दुकान टाकणार वाटतं पाण्याचं," ऑर्विन म्हणाला. त्यानं तिला काचेच्या बुडाच्या होडीतून पोवळी दाखवली. जांभळी, पिवळी, हरणाच्या शिंगांसारखी. ती बघत राहिली. हा माणूस रोज एवढं बघून यायचा आणि घरी आल्यावर बोलायचा काय, तर मासा खारट झालाय.

परतायच्या सकाळी वारा सुटला. होडीवाला सेव्हेरो, कातारिनोच्याच हाताखाली शिकलेला, किनाऱ्यावर हात बांधून उभा राहिला. आज नाही, तो म्हणाला. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. आणखी एक दिवस बेटावर. इसिदोरा मात्र आपली पिशवी घेऊन होडीत जाऊन बसली आणि उठेना. सेव्हेरो पाण्यात गुडघाभर उभा राहून तिची समजूत घालू लागला. मावशी, तुम्हाला बुडवलं तर कातारिनोकाका मला वर गेल्यावर होडीला हात लावू देणार नाहीत.

लूसिल तिच्या शेजारी येऊन बसली. तेव्हा इसिदोरानं सांगितलं. स्वप्न, खाज, खड्डा, तिसरं पाणी, सगळं. सांगताना तिला वाटत होतं की आपल्या तोंडून निघतंय म्हणजे आता ते पाणी मातीतच जिरणार.

 लूसिल म्हणाली, "तू सांगायचंस ना, आई."

"मी कोण सांगणारी? तो येणार होता तुझ्याकडे."

"आई, मी रात्रपाळीला असते. रात्री मी झोपतच नाही."

हे इसिदोराच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती इतके महिने झोप कशी लागते एवढंच विचारत राहिली. कधी लागते, हे विचारलं नाही. बिचारा कातारिनो तिकडे जाऊन रिकाम्या बिछान्यापाशी उभा राहून परत आला असेल.

लूसिलनं ऑर्विनला बोलावलं. परतीचं विमान पुढे ढकलता येईल का, म्हणून दोघांनी विमानाच्या लोकांशी फोनवर बोलून पाहिलं. सुट्टीची गर्दी, एकही जागा नाही. ऑर्विननं सेव्हेरोला जास्त पैसे देऊ केले. सेव्हेरोनं समुद्राकडे बोट दाखवलं. मग चौघंही झोळ्यांशेजारी वाळूत बसून राहिले. वारा काही कोणाचं ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते गावात उतरले तेव्हा विमानतळाची गाडी फाटकाशी येऊन थांबलेली. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. ऑर्विननं पत्रा ओढून काढला. बूट न काढताच दोघं खड्ड्याशी उभी राहिली. इसिदोरानं नदीचं पाणी बादलीत ओतून लूसिलच्या हातात दिलं, समुद्राचं ऑर्विनच्या. दोघांनी ओतलं. मग लूसिलनं सवयीनं पुन्हा हात पुढे केला आणि इसिदोराकडे द्यायला काही नव्हतं. कंद जमिनीत तसेच होते. किसणारी बाई सुट्टीवर गेली होती.

"शेजारून मिळणार नाही?" ऑर्विननं विचारलं. ईस्टरचे दिवस, कुणीच किसलं नव्हतं. आणि किसायला घेतलं असतं तरी विमान थांबणार होतं का? ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. लूसिल आईच्या गळ्यात पडून रडली, नातवंडांना पाप्या मिळाल्या, आणि धूळ उडाली.

इसिदोरा खड्ड्याशी बसली. आता बाबा, ती कातारिनोला म्हणाली, तुझा साबण लावून झालाय आणि पाणी गेलंय. उभा राहा तसाच.

काही आठवड्यांनी भर दुपारी लूसिलचा फोन आला. रात्रपाळीहून येऊन झोपले होते, ती म्हणाली, आणि बाबा दिसले. बोलले काही नाहीत. डोक्याला साबण होता, डोळे मिटलेले, हात असे पुढे करून चाचपत होते.

"मी काय करू, आई? सुट्टी संपली. पैसे संपले."

 इतक्या लांबून इसिदोराच्या हातात फोन तेवढा होता, बादली नाही. ती म्हणाली, "पुन्हा आला तर सांग, डोळे चोळू नको."

फोन ठेवून ती अंगणात गेली. जुने कंद एव्हाना खाऊन झाले होते. खड्ड्याच्या कडेला तिनं कसाव्याच्या नव्या काड्या खोचल्या. कंद धरायला वर्ष जातं. तोवर पोरं येतील, नाहीतर येणार नाहीत. खड्ड्यावर पुन्हा झाकलेला पत्रा वाऱ्यानं उडत होता, त्यावर तिनं एक दगड ठेवला.