मुलगी आर्ट्सला गेली हो!

आमच्या नातेवाइकांत पोर सायन्सला गेलं की पेढे वाटतात, कॉमर्सला गेलं की चहा पाजतात, आणि आर्ट्सला गेलं की भेटायला येतात. हे ठाऊक असूनही मी फोनवर माझ्या थोरल्या बहिणीला सांगून बसलो, की मुलगी लिबरल आर्ट्सच्या कॉलेजचा विचार करते आहे. ताई नामपूरला असते. फोन खरखरत होता. त्यातला 'लिबरल' सटाण्याच्या आसपास कुठेतरी गळून पडला आणि नुसता 'आर्ट्स' तेवढा सुखरूप पोचला.

दुसऱ्याच दिवशी ताई दारात. हातात डाळिंबांची पिशवी, आवाज दहाव्याला आल्यासारखा खाली.

"पोरले मार्क कमी पडनात का रे?"

"चांगले पडले गं. तिला स्वतःलाच जायचंय."

"सोताहून?" ताई मटकन सोफ्यावर बसली. नापास झाली असती तर तिला एक वेळ समजलं असतं.

आता ताईला काय सांगणार? मुलीला तीन गोष्टी हव्या होत्या आणि तिन्ही सारख्याच हव्या होत्या. कोळशाने चित्रं काढून भिंतीएवढे कागद काळे करायचे होते. इमारती शिकायच्या होत्या. आमच्या सोसायटीचा जिना मधून कापला तर कसा दिसेल, हे ती जेवताना पाण्यात बुडवलेल्या बोटाने टेबलावर काढून दाखवते. आणि आठशे मीटर पळायचं होतं. राज्य पातळीवर तिसरी आली होती, त्यामुळे 'छंद आहे' म्हणून सोडूनही देता येत नव्हतं. इथे नाशिकमध्येच आर्किटेक्चर कॉलेजात जागा मिळत होती. पाच वर्षांचा कोर्स, पण तिथली मुलं रात्रंदिवस मॉडेलं चिकटवत बसतात. पळणं सुटलंच असतं. पुण्याच्या बाजूच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात तिन्ही गोष्टी एकाच छताखाली होत्या. मात्र तिथून आर्किटेक्चर शिकून बाहेर पडलं, तरी नावापुढे 'आर्किटेक्ट' लिहिता येत नाही. त्यासाठी तो पाच वर्षांचाच कोर्स लागतो.

हे सगळं समजावून सांगता सांगता माझी जीभ झिजली. वर्षभर कॉलेजांच्या ऑनलाइन बैठका ऐकल्या. प्रत्येक बैठकीत एक हसरी बाई 'होलिस्टिक' म्हणायची आणि बायको मला कोपराने ढोसून जागं करायची. शेवटी मी कंटाळून सोपा मार्ग काढला. ज्याला जे पचेल ते सांगायचं. ताईला सांगितलं, आर्किटेक्चर. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी केलेल्या थोरल्या मेहुण्यांना, म्हणजे बायकोच्या भावाला, सांगितलं, खेळाडूंच्या कोट्यातून जातेय. शेजारच्या काकांना सांगितलं, चित्रकला; ते स्वतः कविता करतात. तिघेही खूश. मला रात्री झोप लागू लागली.

मग भाचीचा साखरपुडा आला. गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तिघे एकाच टेबलावर जेवायला बसले. वाढप्याच्या मागे उभ्या उभ्या मला ऐकू आलं.

"पोर आर्किटेक होणार शे," ताई म्हणाली.

"अहो नाही, स्पोर्ट्स कोटा. सरकारी नोकरी नक्की!" मेहुणे म्हणाले.

"चित्रकला हो! मला स्वतः त्यांनी सांगितलंय," काका म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दाजी," मेहुण्यांनी जिलेबी खाली ठेवली, "मुली किती आहेत तुम्हाला?"

सगळं टेबल खो खो हसलं. मीही हसलो, वाकून मुजराही केला. नेमकी तेव्हाच मुलगी ताट घेऊन आली. ताईने तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"तुना बापले राहू दे. तुले काय करनं शे?"

"तिन्ही, आत्या."

"आणि पळीसन काय भेटस?"

मुलीने मठ्ठ्याचा ग्लास फिरवला. "माहीत नाही. इथे राहिले तर पळणं जाईल. तिकडे गेले तर आर्किटेक्ट होता येणार नाही. काहीतरी जाणारच आहे. शुक्रवारपर्यंत ठरवायचंय."

ताईने स्वतःच्या ताटातली जिलेबी तिच्या ताटात ठेवली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ही भीती मुलीने आम्हाला एवढ्या सरळ शब्दांत कधी सांगितली नव्हती.

गुरुवारी मी तिला घेऊन ते कॉलेज बघायला गेलो. फिरवून दाखवायला एक चुणचुणीत मुलगा दिला होता. "अंकल, इथे सगळं करता येतं!" तो प्रत्येक दारापाशी म्हणत होता. चित्रांचा स्टुडिओ सुरेख, छतातून उजेड येणारा. मुलीने विचारलं, "आर्किटेक्चरचा स्टुडिओ कधी असतो?"

"दुपारी ते संध्याकाळ."

"आणि सराव?"

त्याने मोबाइलवर वेळापत्रक बघितलं आणि आम्हाला मैदानावर नेलं. तिथे कोच बाई शर्यतीचे अडथळे गोळा करत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी हातातला अडथळाही खाली ठेवला नाही.

"आठवड्यातले तीन दिवस दोन्ही एकाच वेळी. मी स्टुडिओ हलवू शकत नाही. त्या तीन दिवशी सकाळी तुला एकटीला पळावं लागेल, मी येणार नाही. संघात घेईन असंही आत्ता सांगत नाही."

मला वाटलं, संपलं. एवढा पेट्रोलचा धूर काढून शेवटी हे. मुलीने मान हलवली, थँक्यू म्हणाली आणि मैदानाला एक फेरी मारून आली. पळत नाही, चालत.

परतीच्या वाटेवर संगमनेर मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी तिथेच जाते."

"अगं, ती बाई तर नाही म्हणाली."

"नाही कुठे म्हणाली? काय मिळणार नाही ते सांगितलं. बाकी कुणी सांगितलंच नाही."

"आणि आर्किटेक्ट?"

तिने मागच्या सीटवर पाय वर घेतले. "नाही होणार. दुसऱ्या कुणाच्या ऑफिसात काम करीन. मी ठरवलंय बाबा, विचारत नाहीये."

एरवी मला अशा वेळी एखादा चुटका सुचतो. सिन्नरपर्यंत मी शोधत होतो. आरशात पाहिलं तर ती मान टाकून झोपली होती. तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि दार आवाज न करता लावून घेऊन बायकोला सांगितलं, "ठरलं."