ईश्वरची गाडी आणि माझं भरीत

मूल दत्तक घेण्यासाठी आम्ही परदेशात गेलो होतो. हा परदेश म्हणजे जळगाव.

यात विनोद माझा नाही, कायद्याचा आहे. मी धुळ्याची, नवरा शिरीष पुण्याचा. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतल्यापासून आम्ही कागदोपत्री ‘विदेशी दांपत्य’! मेहरूण तलावाच्या बाजूला असलेल्या बालगृहात पोचलो, तर तिथल्या मावशींनी आमच्यासाठी खास बाटलीबंद पाणी आणलं. (माझं बालपण धुळ्यात पांझरा नदीच्या पाण्यावर गेलंय, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी दुसरी बाटली उघडली.)

ईश्वर तेव्हा पाच वर्षांचा होता. जन्मापासून त्याच्या पायांत ताकद नव्हती. बालगृहाच्या वॉचमनभाऊंनी त्याला फळांच्या खोक्याच्या फळ्या ठोकून एक पांगुळगाडा करून दिला होता. त्याची दोन चाकं वेगवेगळ्या मापाची, त्यामुळे तो नेहमी डावीकडे पळायचा. ईश्वर त्याला ‘गाडी’ म्हणायचा आणि झोपतानाही तिच्यावर एक हात ठेवायचा.

त्याचा पासपोर्ट यायला वेळ होता, म्हणून तोवर आम्ही त्याला घेऊन धुळ्याला माझ्या माहेरी राहिलो. इतकं गुणी मूल मी जन्मात पाहिलं नव्हतं! रडणं नाही, हट्ट नाही, ताटात काही टाकणं नाही. कॅनडाहून आणलेला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा वॉकर दिला, तर म्हणाला, “थँक्यू मॅडम,” आणि मळेल म्हणून त्याच्यावर पुन्हा प्लॅस्टिक चढवून ठेवलं.

हो, मॅडम! माझ्या वडिलांना तो दुसऱ्याच दिवशी आमच्यासारखं नाना म्हणायला लागला, आईला अक्का. गल्लीतल्या कुत्र्यालाही त्यानं नाव ठेवलं. मी मात्र मॅडम, आणि शिरीष सर. बालगृहात बिस्किटं वाटून, फोटो काढून निघून जाणाऱ्या बायका असतात ना, त्यांना मॅडम म्हणतात. त्यांच्यासमोर हात जोडायचे, गाणं म्हणायचं, काही मागायचं नाही. ईश्वर रोज सकाळी माझ्यासमोर हात जोडून विचारायचा, “मॅडम, गाणं म्हणू?”

मी फोनवर मैत्रिणींना सांगत सुटले, “फारच शहाणा आहे गं!” नाना बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “बेटा, घरना पोऱ्या इतला शाना नही ऱ्हास. हाऊ अजून पाव्हना शे.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे पोर असंच पाहुण्यासारखं हात जोडून विमानात बसेल, असंच हात जोडून तिकडे मोठं होईल, आणि मी जन्मभर त्याची मॅडम राहीन!

खानदेशी माणसाची अशी झोप उडाली की तो भरीत करतो. नानांनी शेतावर बेत ठरवला. हिरवी लांब वांगी आली, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पुऱ्यांसाठी पीठ मळलं गेलं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग तर तिथे होताच, कारण त्या जाळावर भाजलं नाही तर त्याला आमच्याकडे कोणी भरीत म्हणत नाही. ईश्वरला खाटेवर बसवलं. त्याच्या गाडीला माती लागू नये म्हणून शिरीषनं ती त्या ढिगालाच टेकवून ठेवली. (पुणेरी टापटीप!)

मी पदर खोचला. “जाळ मी करणार!”

अक्का म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाई, तुले नही जमनार. तिकडे बटन दाबीसन चूल पेटस तुम्हनी.”

झालं! मी इरेला पेटले. दोन्ही हातांत मावतील तसे काड्यांचे कवळे उचलून आगीत टाकत सुटले. संध्याकाळ झालेली, डोळ्यांत धूर, आणि तोंडानं माझं चालूच, “बघा, विसरले नाही मी!” एक कवळा जरा जड लागला. म्हटलं, चांगली जाडजूड काडी दिसतेय. जाळ असा भडकला की सगळ्यांनी वाहवा केली.

तेवढ्यात खाटेवरून काहीतरी धप्पकन पडलं.

ईश्वर. तो हातांवर सरपटत थेट आगीकडे निघाला होता. मी वळून पाहिलं तर जाळात एक लहान चाक आणि एक मोठं चाक! धावत जाऊन त्याला मागून धरलं, तर त्यानं माझ्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की मीच किंचाळले.

“मनी गाडी! तू मनी गाडी जाळी टाकी! येडी शे का तू?”

मूठ वळून तो माझ्या छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे मारत होता आणि शेताच्या बांधापर्यंत ऐकू जाईल असा रडत होता. शिरीष त्याला सोडवायला धावला. नानांनी त्याला हातानंच थांबवलं. “मारू दे. आते तो घरना झाया.”

मी “चुकलं रे, चुकलं माझं” म्हणत त्याला धरून तिथेच मातीत बसले आणि त्याच्याहून मोठ्यानं रडले. गाडी गेली याचं दुःख खरंच होतं. वॉचमनभाऊंच्या हातची तशी गाडी आता कुठून आणणार? पण तो मला ‘तू’ म्हणाला होता! रडून रडून तो माझ्याच मांडीवर झोपला. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही.

वांगी एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची निघाली. तरी अक्कानं त्यांचं भरीत केलंच. ईश्वर जागा झाला तो रुसलेलाच. “मीठ नही शे,” माझ्याकडे न बघता म्हणाला. आयुष्यात कोणी घरच्या जेवणाला नाव ठेवल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता!

मी ‘तू’ झाले आणि आपण अजून सरच, हे शिरीषला बघवेना. तो बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी त्यानं ईश्वरच्या ताटातली पुरी सरळ उचलली, त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ली आणि आता हा आपल्यालाही चावेल या आशेनं वाट पाहत राहिला. ईश्वरनं आपली उरलेली पुरीही त्याच्यापुढे सरकवली आणि हात जोडले. “घ्या ना सर.”

शिरीषचा चेहरा पाहवत नव्हता. त्याची समजूत काढावी म्हणून मी त्याला भरीत वाढायला पुढे झाले, आणि ईश्वरच्या दातांचे व्रण उमटलेलाच हात नेमका पुढे केला, तोही बांगड्या कोपरापर्यंत सारून!